ग्लोव्हज आधी की ट्रॅकिंग आधी? आभासी सिम्युलेशनमध्ये हालचाल आणि स्पर्श एकत्र बसवताना

तुमचा प्रश्न मला असा समजला: एका जागी उभं राहून हाताने करायचं एक कौशल्य आभासी सिम्युलेशनमध्ये शिकवायचं आहे. गाईडचं म्हणणं, पूर्ण शरीराचं मोशन ट्रॅकिंग, म्हणजे हालचाल टिपणारी यंत्रणा हवी. तुमचा ओढा हॅप्टिक ग्लोव्हजकडे, म्हणजे स्पर्शाचा भास देणाऱ्या हातमोज्यांकडे. पैसे एकालाच पुरतील. मग आधी काय घ्यावं, ट्रॅकिंग किती अचूक असलं म्हणजे पुरे, आणि स्पर्शामुळे शिकणं खरंच सुधारतं हे दाखवायचं कसं?

माझं उत्तर तुम्हा दोघांनाही बहुधा आवडणार नाही. खरेदीची यादी सध्या बाजूला ठेवा आणि एक क्षण निवडा: हात, किंवा हातातलं अवजार, आभासी वस्तूला टेकतो तो. त्या क्षणी शिकणाऱ्याला काय कळायला हवं, हे एका वाक्यात लिहून काढा. ‘ऊतक किती ताठ आहे ते कळावं’, ‘सुई पडदा भेदून आत गेली ते कळावं’, ‘बटण दाबलं गेलं ते कळावं’ ही वाक्यं दिसायला सारखीच. पण पहिल्याला टेबलाशी घट्ट बसवलेलं, बल देणारं यंत्र लागतं. दुसऱ्याला वाढत जाऊन अचानक ओसरणारं बल लागतं. तिसऱ्याचं काम नखाएवढ्या कंपन-मोटरवर भागतं. वाक्य लिहिता येत नसेल तर कुठलंही उपकरण घेतलंत तरी ते कपाटातच जाणार.

ट्रॅकिंग आणि स्पर्श वेगवेगळे धरायची सवय प्रयोगशाळांना लागली आहे, कारण माणसंही वेगळी असतात. कॅमेऱ्यावाले एका खोलीत, मोटरवाले दुसऱ्या. प्रत्यक्षात ते एकच चक्र आहे. हात हलतो, सेन्सर ते टिपतो, सॉफ्टवेअर टक्कर झाली का ते बघतं, मोटर बोटाला ढकलते, आणि ढकलल्यामुळे हात परत हलतो. डोळ्याला चित्र दाखवल्याने डोळ्यासमोरचं जग बदलत नाही. बोटाला बल दिलं की मात्र मोजायची गोष्टच जागची हलते. या एका फरकामुळे स्पर्शाचं गणित चित्रापेक्षा कितीतरी जास्त कडक होतं.

आकडे घालून बघू. आभासी भिंतीची ताठरता १००० न्यूटन प्रति मीटर धरा, म्हणजे बोट एक मिलिमीटर आत गेलं की एक न्यूटन बल. ही काही फार कडक भिंत नाही. बोट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने येतंय. सेकंदाला ६० वेळा, म्हणजे चित्राच्या गतीने हिशोब केला तर दोन हिशोबांमधल्या वेळात बोट ३.३ मिलिमीटर पुढे सरकतं आणि बल एका उडीत ३.३ न्यूटनपर्यंत चढू शकतं. तोच हिशोब सेकंदाला १००० वेळा केला तर प्रत्येक पायरी ०.२ न्यूटनची होते. शिवाय आणखी एक खोडी आहे. बोट आत जात असताना यंत्र मागच्या क्षणाच्या, म्हणजे कमी खोलीच्या हिशोबाने बल देतं. बाहेर येताना पुन्हा मागच्याच क्षणाचं, पण आता ते जास्त खोलीचं असतं. परिणाम असा की भिंत घेतलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा परत करते. हातात धरलं की ती थरथरते, कधी कधी चक्क आवाज करते. एडवर्ड कोलगेट आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याची अट मांडली: साध्या स्प्रिंगसारख्या भिंतीसाठी यंत्रातलं स्वतःचं डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला होणारा अंगचा विरोध, हे ताठरता गुणिले दोन हिशोबांतला वेळ, याच्या निम्म्याहून जास्त हवं. आपल्या भिंतीला १००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १००० हिशोबांवर, ०.५ न्यूटन-सेकंद प्रति मीटर पुरतं. ६० हर्ट्झवर ८.३ लागतं, आणि एवढं डॅम्पिंग असलेलं यंत्र हातात चिखलासारखं जड लागेल.

म्हणून बल देणारं चक्र एक किलोहर्ट्झवर चालवायची प्रथा पडली. आणि म्हणूनच एमआयटीत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेल्या फँटम यंत्रात बोटाची जागा मोजणारे एन्कोडर आणि बल देणाऱ्या मोटरी एकाच भुजेवर आहेत. तिथे बाहेरच्या कॅमेऱ्यावर विसंबणं नाहीच. तुमच्या कौशल्याला ताठरता कळणं अत्यावश्यक असेल, तर असं टेबलावरचं यंत्र हेच तुमचं ट्रॅकरही आहे. दोन खरेदींचा वाद तिथेच मिटला.

बाकीच्या बाबतीत ट्रॅकिंग बाहेरून करावं लागतं, आणि तिथे लोक चुकीच्या आकड्याकडे बघतात. माहितीपत्रकावर अचूकता छापलेली असते. स्पर्शासाठी मला आधी तीन वेगळ्या गोष्टी हव्या असतात: विलंब, थरथर, आणि हात झाकला गेल्यावर काय होतं ते. सगळी जागा सारखीच पाच मिलिमीटर बाजूला सरकलेली असेल तर माणूस थोड्या वेळात जुळवून घेतो. पण अर्धा मिलिमीटर थरथर असेल तर ९० हर्ट्झवर लागोपाठच्या दोन जागांच्या फरकातून निघणारा वेग सेकंदाला ४५ मिलिमीटरपर्यंत खोटा येतो. हात स्थिर असताना! या वेगावर तुम्ही घर्षण किंवा टकरीची तीव्रता ठरवणार असाल तर टेकलेल्या हाताला सतत गुदगुल्या होत राहतात. थरथर मारायला फिल्टर लावला की विलंब वाढतो. गेरी कॅसिए आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा वन-युरो फिल्टर इथे उपयोगी पडतो: हात हळू असताना जास्त गाळतो, वेगात असताना कमी. चारदोन ओळींचा कोड आहे, दोनच आकडे जुळवायचे असतात. काल्मन या जास्त गुंतागुंतीच्या फिल्टरच्या मागे लागण्याआधी हा वापरून बघा.

पद्धतींबद्दल थोडक्यात. परावर्तक मार्कर आणि इन्फ्रारेड कॅमेरे मार्करची जागा मिलिमीटरहून बारीक सांगतात, पण मार्कर कातडीवर असतो आणि कातडी हाडावर सरकते. मांडीवर हा सरक सेंटिमीटरच्या घरात जातो. म्हणजे महागड्या यंत्रणेने तुम्ही कातडी अचूक मोजता, सांधा नाही. अंगावर बांधायच्या, त्वरण आणि वळणं मोजणाऱ्या जडत्व सेन्सरना कॅमेरा लागत नाही, दिशा ते चांगली सांगतात, पण जागा त्यांना विचारू नये. जागा काढायला त्वरण दोनदा इंटिग्रेट करावं लागतं, म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज करत आधी वेग आणि मग अंतर काढावं लागतं. त्वरणात सेकंदवर्गाला फक्त ०.०१ मीटरची कायमची चूक राहिली तरी दहा सेकंदांत अर्धा मीटर आणि एका मिनिटात १८ मीटर हात भरकटतो. चालताना पाऊल जमिनीला टेकतं त्या क्षणी वेग शून्य धरून ही चूक पुसता येते. हाताला अशी हक्काची जमीन नसते. वरून याच सेन्सरमधला, दिशा सांगणारा चुंबकमापक जवळच्या लोखंडी टेबलाने बिघडतो तो वेगळाच.

हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांनी हात ओळखणं आता स्वस्त आणि बरंच चांगलं झालंय. पण त्याची अडचण नेमकी तुमच्या क्षणाशी बांधलेली आहे. हात वस्तूला टेकतो, बोटं वस्तूमागे जातात, दुसरा हात आडवा येतो, आणि तिथेच कॅमेऱ्याला बोटं दिसेनाशी होतात. ओळखणारं मॉडेल मग अंदाजाने हात काढतं, आणि तो अंदाज दिसायला इतका सफाईदार असतो की नोंदीत संशयही येत नाही. म्हणून ट्रॅकिंगचा नमुना बघताना मोकळ्या हवेत हात हलवून खूश होऊ नका. हातात खरी वस्तू धरा, ती फिरवा, एका हाताने दुसरा झाका. विक्रेता हे आपण होऊन दाखवत नाही. तुटलेलं ट्रॅकिंग परत आल्यावर काय होतं तेही तपासा: नीहोर्स्टर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटची चाचणी घेतली, तेव्हा ट्रॅकिंग हरवून परत मिळालं की यंत्र ज्याला सपाट जमीन धरतं ती संदर्भाची पातळीच बदललेली आढळली. खेळायला चालतं, मापनाला नाही.

विलंब मात्र स्वतः मोजा. माझी आवडती पद्धत साधी आहे. आभासी टेबल खऱ्या टेबलावर तंतोतंत बसवा. एक पायझो कॉन्टॅक्ट माइक (चिकटवलेल्या पृष्ठभागाची थरथर टिपणारा) टेबलाला चिकटवा, दुसरा बोटाला कंपन देणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला, आणि दोन्ही एकाच ऑडिओ इंटरफेसच्या दोन चॅनलवर घ्या. बोटाने टेबलावर टकटक करत राहा. नोंदीत प्रत्येक टकटकीचे दोन उंचवटे दिसतील: एक खऱ्या टकरीचा, एक मोटरच्या कंपनाचा. (टकरीचा धक्का बोटातून दुसऱ्या माइकपर्यंतही थोडा पोचतो, पण मोटरचं कंपन ठरावीक वारंवारतेचं असल्याने वेगळं ओळखू येतं.) ४८ किलोहर्ट्झवर दोहोंमधलं अंतर मिलिसेकंदाच्या खाली वाचता येतं. सरासरीपेक्षा पसारा जास्त बोलका असतो. एक टकटक ३५ मिलिसेकंदांनी, पुढची ८० मिलिसेकंदांनी, असं होत असेल तर मेंदूला जुळवून घ्यायला स्थिर काही मिळतच नाही. चित्राचा विलंब बघायला २४० फ्रेमचा फोन पुरतो. खरा हात आणि पडद्यावरचा हात एकाच चौकटीत घ्या आणि फ्रेम मोजा, प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची.

या मोजणीतून बरेच दोष आपोआप उघडे पडतात. साध्या भिरभिरणाऱ्या वजनाच्या मोटरला वेग घ्यायलाच काही दहा मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही घासलं तरी धक्का उशिरा येतो. तिथे फिरण्याऐवजी पुढेमागे हलणारा, रेषीय रेझोनंट किंवा व्हॉइस-कॉइल प्रकारचा अ‍ॅक्च्युएटर लावा. टक्कर आधीच ओळखून मोटर लवकर सोडण्याचाही मोह होतो: सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने येणारा हात ४० मिलिसेकंदांत १२ मिलिमीटर जातो, तेव्हा तेवढं अगोदर मोटर चालू करायची. टकटकीसाठी हे छान चालतं. पण माणूस ऐनवेळी थांबला तर न टेकलेल्या वस्तूचा स्पर्श होतो, आणि माझ्या मते खोटा स्पर्श उशिराच्या स्पर्शापेक्षा वाईट. सावधपणे, हळूहळू टेकायचं कौशल्य असेल तर हा उपाय करू नका.

आता ग्लोव्हज. बोटं मिटताना अडवणारे ग्लोव्हज चेंडू पकडल्याचा भास छान देतात. पण ते हाताच्याच पाठीवर टेकलेले असतात, जमिनीवर नाही. त्यामुळे पकड अडवता येते, हात अडवता येत नाही. आभासी भिंतीवर तळवा दाबा. हात सरळ भिंतीपलीकडे जातो. वस्तूचं वजनही खांद्याला लागत नाही. एवढं समजून घेतलं तर ग्लोव्हजबद्दलच्या बऱ्याच अपेक्षा जमिनीवर येतात. त्यातही प्रत्येक माणसाच्या हाताची मापं वेगळी, दर सहभागीमागे कॅलिब्रेशन, आणि घामाने ओले झालेले सेन्सर. पंचवीस-तीस लोकांच्या प्रयोगात ही डोकेदुखी कमी नसते.

शिवाय ‘स्पर्श’ हा एकच प्रकार नाही. बोटांच्या कातडीत चार प्रकारचे संवेदक आहेत आणि त्यांना वेगवेगळ्या गोष्टी कळतात. पॅसिनियन संवेदक सुमारे २५० हर्ट्झच्या आसपासच्या कंपनांना सर्वाधिक तीक्ष्ण असतात, पण कंपन नेमकं कुठे झालं हे त्यांना धड सांगता येत नाही. मर्केल पेशी कडा आणि आकार सांगतात. कंपन-मोटर यातला पहिला मार्ग वापरते, म्हणून ‘काहीतरी लागलं’ हे ती उत्तम सांगते आणि ‘काय लागलं’ हे जवळपास नाहीच. कॅथरिन कुचेनबेकर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की टकरीच्या क्षणी खऱ्या पृष्ठभागावरून नोंदवलेल्या कंपनाचा छोटासा तुकडा जोडला तर नुसत्या स्प्रिंगच्या बलापेक्षा टक्कर जास्त खरी वाटते. कडकपणाची जाणीव बरीचशी त्या पहिल्या काही मिलिसेकंदांत होते. लाकूड आणि फोम यांतला फरक सांगायला मोठी मोटर लागेलच असं नाही.

पैसे कमी असतील तर याहून स्वस्त मार्ग आहेत, आणि संशोधनाच्या दृष्टीने ते कमी प्रतीचे मुळीच नाहीत. एक, खरी वस्तू ठेवा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या गटाने आभासी खोल खड्ड्याच्या काठावर लोकांना उभं केलं आणि प्रत्यक्षात पायाखाली दीड इंचाची फळी ठेवली. पायाला काठ लागला की हृदयाचे ठोके फळी नसतानापेक्षा जास्त वाढले; मीहान, इन्स्को, व्हिटन आणि ब्रुक्स यांचा २००२ चा निबंध. फळीत ना मोटर, ना वायर, ना विलंब. दोन, दिसणारा हात वस्तूच्या आत जाऊ देऊ नका. खरा हात आत गेला तरी आभासी हात पृष्ठभागावर थांबवा. त्याच विद्यापीठातल्या एरिक बर्न्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दिसणारा हात खऱ्या हातापासून सरकलेला असल्याचं लोकांच्या उशिरा लक्षात येतं, हात वस्तूत घुसलेला मात्र लगेच खुपतो. तीन, छद्म-स्पर्श: अनातोल लेक्युये यांनी २००० मध्ये दाखवलेली युक्ती. हात जितका सरकला त्यापेक्षा पडद्यावरची वस्तू कमी सरकवली की ती जड किंवा घट्ट वाटते. मात्र मापन करणाऱ्या सिम्युलेशनमध्ये ही तिसरी युक्ती जपून वापरा, कारण शिकणारा खोटं अंतर शिकून जाईल.

स्पर्शाने शिकणं सुधारतं का, याबद्दल एक प्रसिद्ध उदाहरण मुद्दाम सांगतो. सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रिया शिकणाऱ्या १६ डॉक्टरांवर प्रयोग केला. निम्म्यांना आभासी सिम्युलेटरवर सराव दिला, मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णाचं पित्ताशय दुर्बिणीतून सोडवलं. सराव केलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा किंवा नको तिथे भाजण्याची शक्यता पाचपट होती. हे सगळं ज्या सिम्युलेटरवर झालं त्या मिस्ट-व्हीआरमध्ये बलाचा स्पर्श नव्हताच. अवजारांची हालचाल टिपणं, साधी भूमितीय कामं, आणि चुका लगेच मोजून दाखवणं, एवढंच होतं. या कौशल्यात अडचण डोळा आणि हात यांचा मेळ घालण्याची होती आणि सिम्युलेटरने नेमकी तीच पकडली. तुमच्या कौशल्याची अडचण कशात आहे ते आधी एखाद्या मुरलेल्या माणसाला काम करताना बघून ठरवा.

त्यामुळे प्रयोगात ‘स्पर्श असलेला गट’ आणि ‘नसलेला गट’ एवढी तुलना पुरेशी धरू नका. काहीतरी थरथरलं की लोकांना मजा येते, ते जास्त लक्ष देतात, प्रश्नावलीत जास्त गुण देतात. तिसरा गट हवा: ज्यांना तेवढंच कंपन मिळतं, पण टकरीशी न जुळणारं. शिवाय परीक्षा सिम्युलेटरबाहेर, खऱ्या वस्तूवर, स्पर्श-उपकरण काढून घ्या, आणि काही दिवसांनी पुन्हा घ्या. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडलेलं मार्गदर्शनाचं गृहीतक इथे आडवं येतं: सतत मिळणारा फीडबॅक सरावात कामगिरी उंचावतो, आणि काढून घेतला की ती घसरते, कारण माणूस त्याच्यावर टेकायला शिकलेला असतो. हाताला योग्य मार्गावर ढकलणारे हॅप्टिक प्रयोग याच दगडावर आपटतात. सरावाच्या शेवटचा आलेख देखणा दिसतो, आठवड्यानंतरचा छापायला धीर होत नाही.

मग घ्यायचं काय? तुमच्या वर्णनात हाताचं काम आहे, माणूस एका जागी उभा आहे. पूर्ण शरीराचं ट्रॅकिंग मला तरी अनाठायी वाटतं; पाठ किंवा खांद्याची ठेवण हा शिकवायचा भाग असेल तरच त्याला अर्थ. हात ओळखणारा साधा हेडसेट, मनगटावर किंवा अवजारावर एक वेगळा ट्रॅकर, बोटांवर दोन-तीन चांगले अ‍ॅक्च्युएटर, आणि पकडायला खरं अवजार, इथून सुरुवात करा. अवजार खरं असलं की पकडीचा स्पर्श फुकटात मिळतो आणि ट्रॅकरही त्यावर घट्ट बसतो, बोटं झाकली गेली तरी बिघडत नाही. उरलेले पैसे राखून ठेवा. पहिल्या चाचणीत लोक ‘ताठरता कळत नाही’ म्हणूनच अडताहेत असं दिसलं, तर टेबलावरचं बल देणारं यंत्र घ्या. ग्लोव्हज सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण नैतिक समितीकडे जाण्याआधी लक्षात घ्या. हालचालीची नोंद नाव काढलं की निनावी होते, असं संमतीपत्रात लिहू नका. २०२० मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी पाच मिनिटांहून कमी हालचालीच्या नोंदीवरून ५११ जणांतून ९५ टक्के वेळा योग्य माणूस ओळखला. २०२३ च्या एका अभ्यासात ५० हजारांहून जास्त वापरकर्त्यांमध्ये १०० सेकंदांच्या डोके-हातांच्या हालचालीवरून ९४ टक्क्यांहून अधिक अचूकता मिळाली. उंची, हातांची लांबी, वळायची लकब, सगळं त्यात असतं. कच्ची नोंद किती काळ ठेवणार, कोण बघणार, आणि सार्वजनिक करताना फक्त टकरीच्या आसपासचे तुकडेच देणार का, हे आधी ठरवा. उंचीनुसार मापं बदलून नोंद ठेवली तर ओळख पुसट होते, पूर्ण पुसली जात नाही, आणि हे संमतीपत्रात सहभागींना समजेल अशा भाषेत लिहिता येतं.